वरचे पाणी, खालचे पाणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : 'शहरांनी निसर्गाशी जबाबदारीने कसे वागावे?' घरी हे सांगितले तेव्हा मुलगा हसून म्हणाला, "आई, हा कलेक्टरसाहेबांचा विषय, तुझा नाही." त्याचे खोटे नाही. मी सातवी पास झालेली बाई. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि मुलीच्या जातीने एवढे लांब कशाला जायचे, असे घरच्या मंडळींना वाटले. तेव्हा माझ्या बोलण्यात मोठे शब्द सापडायचे नाहीत. पण मी चार दिवस भाकऱ्या थापताना यावरच विचार केला, आणि मला वाटले की शहराने कसे वागावे हे सांगायला शहराच्या खालच्या अंगाला राहणारे माणूसच बरे. माडीवरच्या बिऱ्हाडात किती पाणी सांडते हे माडीवरच्यांना कळत नाही. ते खालच्या बिऱ्हाडाला कळते. आपण लोणीकर पुण्याच्या खालच्या बिऱ्हाडात राहतो.

आता आपण स्वतःही अर्धेमुर्धे शहर झालो आहोत हे खरे. आपले पोलीस ठाणे २०२१ साली पुणे शहरात गेले. ग्रामपंचायत तेवढी गावाची राहिली. महामार्गाच्या दोन्ही अंगांना इमारती उठल्या, तेलाचे डेपो आहेत, विद्यापीठ आहे. ज्या वावरात मी नवी नवरी असताना हरभरा सोलला, तिथे आता पाच मजल्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात. याचा विचार पुढे करू. आधी पाण्याचे सांगते, कारण बाईच्या दिवसाची सुरुवात पाण्याने होते.

आपल्या थेऊरला मुळा-मुठेच्या काठी चिंतामणीचे देऊळ आहे. माधवराव पेशवे १७७२ साली तिथेच वारले आणि रमाबाई तिथेच सती गेल्या, हे आपण शाळेत शिकलो. माझ्या सासूबाई सांगायच्या, चतुर्थीला थेऊरला गेले की आधी नदीत पाय धुवायचे, चूळ भरायची, तांब्या भरून घ्यायचा आणि मग देवळात जायचे. आज त्या पाण्याची चूळ भरणे सोडाच, उन्हाळ्यात काठावर उभे राहिले तर पदर नाकाला जातो. सासूबाईंची पिढी आणि माझी पिढी यांत एवढेच अंतर, पण नदी मात्र मधल्या काळात आपल्या हातातून गेली.

ती कशी गेली, हे मी मुलाच्या पुस्तकातून आणि वर्तमानपत्रांतून गोळा केले, ते सांगते. शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावे असा सरकारी हिशेब आहे. खेड्यातल्या माणसासाठी नळयोजनेचा हिशेब ५५ लिटरचा आहे. (शहरातल्या माणसाचे अंग मोठे असते की काय, हे मला कुणी सांगितले नाही.) पाच माणसांच्या घरात १३५ च्या हिशेबाने पावणेसातशे लिटर पाणी येते, आणि त्यातले शेकडा ८० मोरीतून आणि संडासातून पुन्हा बाहेर पडते. म्हणजे एका घराचे रोजचे ५४० लिटर, आपल्या पंधरा लिटरच्या बादलीने मोजाल तर ३६ बादल्या मैलापाणी. असे एक घर नव्हे, लाखो घरे.

आता हे पाणी शुद्ध करता येत नाही का? येते. त्याची कृती आपल्या स्वयंपाकघरातल्या विरजणासारखी आहे. दुधात विरजण घातले की न दिसणारे जीव आपले काम करतात. तसेच मैलापाण्यात हवा सोडली की त्यातले न दिसणारे जीव वाढतात, घाण खातात, आणि जड होऊन गाळासारखे तळाशी बसतात. वरचे पाणी बाजूला काढायचे, त्यात औषध घालायचे आणि मग सोडायचे. गाळाचे खत होते, त्यातून गॅसही मिळतो. पण विरजणाला जशी ऊब लागते, तशी या जीवांना अखंड हवा लागते आणि हवेच्या पंपांना वीज लागते. वीज गेली, पंप बंद पडला किंवा केंद्राच्या ऐपतीपेक्षा जास्त पाणी आले, की पाणी तसेच पुढे जाते.

पुण्यात २०१६ साली अशी ९ केंद्रे होती आणि त्यांची ऐपत मिळून दिवसाला ४७ कोटी ७० लाख लिटर होती. शहराचे मैलापाणी त्याहून पुष्कळ जास्त. म्हणून त्या वर्षी जानेवारीत जपानच्या कर्जातून ९९० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली : आणखी ११ केंद्रे, आणखी ३९ कोटी ६० लाख लिटर. योजना चांगली होती. पण जागा, निविदा, कागदपत्रे यांत वर्षे गेली आणि ठरलेल्या मुदतीत काम पुरे झाले नाही. दरम्यान शहराने थांबायचे थोडेच! बाणेर, वाघोली, हडपसर जिकडे पाहावे तिकडे इमारती. घरात पाहुणे वाढत जावेत आणि मोरी तीच राहावी, तशातली गत.

नदीत जे जाते त्यात साबण असतो, मैला असतो. झाडांना जे खत लागते, तेच यात विरघळलेले असते. म्हणून जलपर्णी माजते. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. शोभेची म्हणून जगभर नेली गेली. तिला खत मिळाले की पंधरवड्यात दुप्पट होते. वरून पाहावे तर हिरवेगार, जांभळी फुले, लहान मुलांना वाटावे बागच! पण तिच्याखाली उजेड जात नाही, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात, आणि साचलेल्या घाणीत डास अंडी घालतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंढवा-केशवनगरच्या नदीवर किड्यांचे खांबच्या खांब आभाळात उठलेले साऱ्यांनी मोबाईलवर पाहिले. पुण्यातली माणसे चकित झाली. आपल्याकडे कुणी चकित झाले नाही. आपण संध्याकाळी पाच वाजता खिडक्या लावतो आणि कडुलिंबाचा धूर करतो, हे नेहमीचेच.

आता कालव्याचे. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि बायकांत ती फारशी बोलली जात नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

खडकवासल्याचे धरण इंग्रजांनी १८७० च्या दशकात बांधले, ते पुण्याच्या आणि छावणीच्या पिण्यासाठी तसेच हवेली-दौंडकडच्या कोरड्या शेतांसाठी. पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर झाली. चार धरणांत मिळून २९ टी.एम.सी.च्या आसपास पाणी मावते. टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचे तर २,८३१ कोटी लिटर. धरणे तेवढीच, पण वाटेकरी वाढला. शहर वाढले तसा त्याचा वाटा वाढत गेला आणि शेताचा कमी होत गेला. मग तोड अशी निघाली की शहराने धरणातले चांगले पाणी जास्त घ्यावे, आणि त्याच्या बदल्यात आपले मैलापाणी शुद्ध करून शेताला परत द्यावे. त्यासाठी मुंढव्याला नदीवर मोठी विहीर आणि पंप बसवले. तिथले पाणी उचलून साडेसतरा नळीला जुन्या कालव्यात सोडतात, ज्याला आपण बेबी कालवा म्हणतो. तो आपल्या गावावरून पुढे उरुळी कांचनकडे जातो. वर्षाला साडेसहा टी.एम.सी. द्यायचे ठरले.

मैत्रिणींनो, कागदावर ही तोड अगदी न्यायाची आहे. मी तिच्या विरुद्ध नाही. एकदा वापरलेले पाणी दुसऱ्यांदा वापरणे यात कमीपणा कसला? आपण तांदूळ धुतलेले पाणी आळूला घालतोच. पण शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी नेली, तर परत देताना साखरच द्यायची असते. शहराने नेले ते पानशेतचे पाणी. परत येते त्याला फेस असतो, वास असतो. शेतकऱ्यांची तक्रार हीच आहे. आमच्या घरचेच सांगते : उसाला पाणी देऊन माणसे घरी आली की पाय खाजवत बसतात. खोबरेल तेल लावून पाण्यात उतरायचे, हा आता आमच्याकडे नियम झाला आहे. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना म्हणून पिण्याला आणि स्वयंपाकाला विकतचा जार आला. दुधाच्या हिशेबाखाली जारचा हिशेब मी दिनदर्शिकेवर लिहिते, तेव्हा मनात येते की हा खर्च कुणाच्या नावे लिहायचा? शहराच्या पाणीपट्टीत तो दिसत नाही. तो दिसतो माझ्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर.

म्हणून शहराने जबाबदारीने वागावे म्हणजे काय, याचे माझे पहिले उत्तर एवढेच आहे. शहराचा जो खर्च खालच्या गावांच्या घरखर्चात लपलेला आहे, तो शहराने आपल्या वहीत मांडावा. झाडे लावणे, सायकली चालवणे, मेट्रो हे सारे चांगलेच. पुणे तर सायकलींचेच शहर होते. आमचे मामा रोज हडपसरहून सायकलवर कारखान्यात जात. पण सारसबागेत शंभर झाडे जास्त लावल्याने आमच्या कालव्याचा फेस कमी होत नाही.

कचऱ्याची गोष्ट याच वळणाची. सासवड रस्त्याला उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही आपल्या पाहण्यातली गावे. तिथल्या जुन्या दगडखाणींत १९९० च्या सुमारास शहराचा कचरा पडू लागला, तो डोंगराएवढा झाला. आपल्यापैकी काहींची माहेरे तिकडची आहेत, त्यांना मी काय सांगणार! ओला कचरा कोंडून ठेवला की आत हवा जात नाही आणि गोबरगॅसमध्ये तयार होतो तोच वायू तिथे तयार होतो. तो पेटतो. कचऱ्यातून काळा रस गळतो, तो जमिनीत मुरतो आणि विहिरीला लागतो. त्या गावांना टँकरचे पाणी प्यावे लागले. २०१४-१५ साली गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली, तेव्हा पुन्हा अडवल्या आणि सुमारे तीन आठवडे शहराचा कचरा शहरातच राहिला. तेव्हा कुठे पुण्याच्या रस्त्यांना आपल्या कचऱ्याचा वास आला. त्याच वर्षी ही दोन्ही गावे महापालिकेत घेतली, आणि २०२४ साली पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगर परिषद केली. आत घ्यायचे, बाहेर काढायचे, कचरा मात्र जिथला तिथे! अलीकडे जुना ढीग उकरून, चाळून, माती वेगळी आणि प्लॅस्टिक वेगळे करण्याचे काम न्यायाधिकरणाच्या हुकुमाने चालले आहे. ओतायला तीस वर्षे लागली, उपसायला किती लागतील ते पाहायचे.

पण पुण्याची नुसती निंदा करून मी खाली बसणार नाही, कारण कचऱ्याच्या बाबतीत पुण्याने एक गोष्ट अशी केली आहे की ती देशभरातले लोक येऊन पाहतात. आणि ती केली आहे बायकांनी, त्याही अशा बायकांनी की ज्यांना शाळेचा उंबरठा दिसला नव्हता. पाठीवर पोते टाकून उकिरड्यातून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायका आपण पाहिलेल्या आहेत. कुत्री भुंकत, लोक चोर म्हणत. एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या दोघी त्यांच्यात गेल्या, डॉ. बाबा आढावांचा हात पाठीशी होता, आणि १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. बायकांना ओळखपत्रे मिळाली. त्यांचे म्हणणे साधे होते : आम्ही कचरा करत नाही, तुम्ही केलेला कचरा आम्ही वेगळा करतो, त्यातला कागद पुन्हा गिरणीत जातो, पत्रा भट्टीत जातो, हे शहराचे काम आहे, तेव्हा आम्हाला कामगार म्हणा. पुढे २००८ साली महापालिकेशी करार होऊन त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था दारोदार कचरा घेऊ लागली. तीन हजारांहून जास्त कामगार, बहुतेक साऱ्या बायका. यातल्या कितीतरी जणींनी आपल्या मुलींना शाळेत घातले, कर्जे फेडली.

या बायकांनी आणखी एक गोष्ट केली, तिचा उल्लेख करताना आपल्याला थोडे संकोचल्यासारखे होईल. पण इथे सगळ्या बायकाच आहोत. महिन्याच्या अडचणीचे पॅड घरोघरच्या पिशवीतून उघडे येत, आणि ते हाताने वेगळे करावे लागे. त्यांनी सांगितले की ते वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वरून लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडावे लागणार नाही. एवढेच मागणे. २०१६ च्या सरकारी नियमांतही ओला, सुका आणि धोक्याचा कचरा वेगळा द्या, पॅड गुंडाळून द्या असेच सांगितले आहे. नियम दिल्लीत झाले, पण त्यातली अक्कल आपल्या पुण्यातल्या कचरावेचक बाईची, असे मी तरी समजते.

तिकडे कोकणात वेंगुर्ल्याला नगर परिषदेने वीसाहून अधिक प्रकारांनी कचरा वेगळा करायला लोकांना शिकवले. जिथे ढीग पडत होता तिथे बाग केली आणि लोक ती पाहायला येतात. गाव लहान म्हणून जमले, असे म्हणतील कुणी. मोठ्यांचेही सांगते. लंडनची थेम्स नदी १९५७ साली मेलेली म्हणून जाहीर झाली होती; आज तिच्यात मासे आहेत. पॅरिसच्या सेन नदीत १९२३ पासून पोहायला बंदी होती. २०२५ च्या जुलैत लोक पुन्हा तिच्यात उतरले. शंभर वर्षे लागली आणि पैसाही अलोट लागला. त्यांनी तो आधी नदीच्या काठावर न घालता जमिनीखालच्या गटारांत घातला. आपल्याकडे आधी काठाला फरशी बसवायची घाई असते. फरशीवर फिरायला मलाही आवडेल, पण नाकाला पदर न लावता.

आपल्याजवळ उरुळी कांचनला महात्मा गांधींनी १९४६ साली निसर्गोपचार आश्रम काढला. पुढे मणिभाई देसाईंनी तो वाढवला. हवा, पाणी, माती आणि ऊन ही औषधे, असा तिथला विचार. त्याच रस्त्यावर आज आपण पाण्याचे जार विकत घेतो.

आता आपल्या घरातले. कारण इतका वेळ मी बोट पुण्याकडे केले, आणि आपल्यातल्या काही जणी खुशीत माना हलवत होत्या, ते मी पाहिले.

माझी धाकटी बहीण इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्याकाठी दिली आहे. मागे ती राहायला आली होती. आम्ही दोघी धुणे धूत होतो. मी नेहमीप्रमाणे पुण्याच्या नावाने बोलत होते. ती पिळा घालता घालता म्हणाली, "आक्का, तुझं हे साबणाचं पाणी कुठं जातं गं?" मी म्हटले, ओढ्याला. "आणि ओढा?" म्हटले, नदीला. ती म्हणाली, "मग ते आमच्याकडंच येतं की. आम्ही लोणी आणि पुणं वेगळं कसं ओळखायचं?"

बाईने दोन वाक्यांत माझे भाषण खोडून काढले. आपली मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमा दौंडवरून उजनीत जाते. उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. तिथे पूर्वी किती जातींचे मासे मिळत हे बहिणीच्या गावचे म्हातारे कोळी सांगतात. आता जाळ्यात येतो तो बहुतेक चिलापी. आणि उजनीच्या खाली काय आहे? पंढरपूर. भीमा तिथे चंद्रभागा होते. तुकोबांची पालखी पुण्याहून निघून आपल्या लोणीला मुक्काम करते, आपण वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढतो, पाया पडतो, आणि पालखी यवत, बारामती, इंदापूर करत पंढरीला जाते. आपले सांडपाणीही त्याच गावी जाते. वारकऱ्याची आणि सांडपाण्याची वाट वेगळी, पोचायचे ठिकाण एकच. ज्याच्या पायावर आपण डोके ठेवले, त्याच्याच स्नानाला आपण आपली मोरी पाठवतो. हे मला त्या दिवसापासून फार लागून राहिले आहे.

म्हणून मी आपल्या गावात जरा हिंडून पाहिले. ज्या नव्या इमारती झाल्या, त्यांतल्या काहींचे पाणी ओढ्यात उघडे पडते. त्यांची नावे घेत नाही, कारण तिथे राहणाऱ्या बायका इथे बसल्या आहेत आणि दोष त्यांचा नाही. घर घेताना फरशी, स्वयंपाकाचा ओटा, लिफ्ट सारे दाखवतात, मोरी कुठे जाते हे कुणी दाखवत नाही आणि आपण विचारतही नाही. महामार्गाच्या पुलाखाली गाठ मारलेल्या पिशव्या पडतात, त्या काही पुण्याहून चालत येत नाहीत. पालखीच्या दुसऱ्या दिवशी गावात फिरले तर काय दिसते? आता निर्मल वारीमुळे फिरती शौचालये आली, पत्रावळी पुन्हा आल्या, पुष्कळ सुधारले. पण पाण्याच्या बाटल्या आणि द्रोणांचे ढीग आहेतच.

मंडळाच्या बैठकीत एका मैत्रिणीने मला विचारले, "आपण दहा घरांनी ओला-सुका वेगळा केला म्हणून पुण्याची गटारे थांबणार आहेत का?" प्रश्न रास्त आहे. त्याला मी 'थेंबे थेंबे' म्हणून उत्तर देणार नाही. पुण्याची गटारे आपल्या बादलीने थांबणार नाहीत. त्याला कोट्यवधी रुपये, इंजिनियर आणि कायद्याचा धाक लागतो. पण त्यासाठी आपल्याला अर्ज करावा लागेल, सभेत उभे राहावे लागेल. आणि तिथे कुणी विचारले, 'बाई, तुमची मोरी कुठे जाते?' तर आपल्याकडे उत्तर असायला हवे. सुनेने आपला केर शेजारच्या दारात लोटला तर सासू तिला हटकते, पण त्या सासूने स्वतः तसे केलेले नसले तरच तिच्या बोलण्याला वजन असते.

तेव्हा मी दोन-चार गोष्टी सुचवते. ज्यांच्या घराला अंगण आहे त्यांनी मोरीच्या पाण्याला शोषखड्डा करावा. खड्ड्यात तळाशी मोठे दगड, वर विटांचे तुकडे, वर वाळू, आणि मोरीच्या तोंडाशी जाळी; नाहीतर भाताची शिते जाऊन खड्डा महिनाभरात तुंबतो. संडासाचे पाणी मात्र त्यात कधी सोडू नये, ते विहिरीला लागते. मोरीच्या पाण्यावर केळ आणि आळू उत्तम येते, आमच्याकडे आहे, कुणीही येऊन पाहावे. ज्या फ्लॅटमध्ये राहतात त्यांनी सोसायटीच्या सभेत, आपल्या मालकांना पाठवण्याऐवजी स्वतः जाऊन, मैलापाणी कुठे जाते एवढाच प्रश्न विचारावा आणि उत्तर लिहून मागावे. ज्यांच्याकडे पाणी शुद्ध करायचे यंत्र आहे, त्यांना ठाऊक असेलच की हंडाभर पाण्यामागे ते दोन-तीन हंडे टाकून देते. ती नळी सिंकमध्ये न सोडता बादलीत सोडा. लादी पुसायला, संडासात ओतायला ते पाणी चालते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचेही बोलायचे आहे. गेल्या काही वर्षांत आपण वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे, टोपल्या, कंगवे लुटले. २०१८ साली राज्यात पातळ पिशव्यांना आणि थर्माकोलच्या ताटांना बंदी झाली, पण वाणाला कोण विचारते! मला स्वतःला एका संक्रांतीत सात चाळण्या मिळाल्या. सात चाळण्यांनी मी काय चाळू? आपल्या शिवणवर्गाच्या मुलींनी जुन्या सुती लुगड्यांच्या पिशव्या शिवून दिल्या तर शिलाई त्यांना मिळेल आणि पिशवी दोन वर्षे बाजाराला चालेल. काही जणी म्हणतील, जुन्या कापडाचे वाण देऊ नये. त्यांच्यासाठी कोरे मांजरपाट आणू. त्यावर वाद नको.

आणि अर्ज. तो मी आणि आपल्या खजिनदारबाईंनी मिळून लिहिला आहे, शुद्धलेखन मुलाने तपासले आहे. त्यात पहिली मागणी अशी की कालव्यात सोडल्या जाणाऱ्या पाण्याची तपासणी दर महिन्याला व्हावी आणि तिचा निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. दुसरी अशी की शहरात इमारतींचे बांधकाम, बागा आणि गाड्या धुणे यांना शुद्ध केलेले मैलापाणीच वापरावे, म्हणजे धरणावरचा भार तेवढा कमी होईल. तिसरी आपल्या गावाबद्दल आहे, आणि ती मुद्दाम घातली आहे : लोणीत नवी इमारत होताना तिचे मैलापाणी कुठे जाणार हे ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय परवानगीची शिफारस होऊ नये. खजिनदारबाईंना तिसरी मागणी आधी पटली नव्हती. त्यांच्या दिरांचे बांधकाम चालू आहे. पण त्यांनीच ती शेवटी आपल्या अक्षरात लिहिली, हे मी त्यांच्या परवानगीने सांगते.

अर्जाच्या तीन प्रती आहेत : एक ग्रामपंचायतीला, एक पाटबंधारे खात्याला, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाला. सही करताना पूर्ण नाव आणि गल्ली लिहा. नुसती सही चालत नाही, असे मागच्या वेळी कळले. कागद चहाच्या टेबलाशेजारी ठेवले आहेत. चहा स्टीलच्या पेल्यांत आहे, तेव्हा पेले परत टेबलावर आणून द्या; धुवायची पाळी या खेपेला आमच्या गल्लीची आहे.